कोंडनाळेची रेघ

“आमच्या हितनं निघाली तवा दिस कासराभर वर आला व्हता,” ठकूबाई म्हणाली. “म्हातारबाबा म्होरं, लेक मागं. चार भाकरी बांधून दिल्या, दोन बाटल्या पानी दिलं. सोमा म्हनला, नाळेच्या तोंडापातुर येतो. तर बाबा म्हनले, नको, आमच्याकडं नकाशा हाये.”

“कसला नकाशा?” टिळेकरांनी विचारलं.

“मला काय ठावं? निळं पुस्तक व्हतं येक. बारकं, वहीवानी. रातच्याला चुलीम्होरं बसून बापलेक त्यात बोट फिरवीत व्हती.”

“असेल एखादं गाईड,” असं म्हणून टिळेकर दोर मोजायला लागले.

मी दाराशी उभा होतो. ठकूबाईकडे पाणी मागितलं आणि तिने दिलेला तांब्या उभ्याउभ्याच संपवला. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये तेच निळं पुस्तक होतं. टिळेकरांना भेट द्यायला म्हणून मी एक प्रत आणली होती. पंधरा दिवसांपूर्वीच छापून आलेलं. आत बत्तीस नकाशे, सगळे माझ्या हातचे, आणि पहिल्या पानावर माझं नाव : विश्राम ओगले.

मंगळवार होता तो. १९८९ सालचा एप्रिल. धामणवाडी ही सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरची वीस-बावीस घरांची ठाकरवाडी. पूर्वेकडून डोंगर हलक्या पावलाने चढत येतो, पठार लागतं, नाचणीची वावरं लागतात. वाडीपासून पश्चिमेला पाऊण तास चाललं की जमीन संपते. खाली अडीच हजार फुटांवर कोकण. कडा असा तुटलेला की कडेला पालथं पडून खाली बघावं लागतं. उतरायचं तर नाळेतून. पावसाच्या पाण्याने कड्यात कोरून काढलेली अरुंद, उभी घळ म्हणजे नाळ.

त्या नाळेने उतरायला म्हणून रविवारी सकाळी मुळ्ये सर आणि त्यांची लेक सुनंदा निघाले होते. सर सिन्नरचे. बासष्ट वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर फळ्यावर सह्याद्री काढला, एकदा तरी घाटावरून कोकणात पायी उतरायचं, असा त्यांचा हट्ट. सुनंदा टिळेकरांच्या गिर्यारोहण मंडळाची सभासद, डोंगरात फिरलेली. रविवारी संध्याकाळपर्यंत खालच्या गावात पोचून सोमवारी एसटीने परत, असा बेत होता. सोमवारची शेवटची एसटी आली तरी दोघांचा पत्ता नाही. खालच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. टिळेकरांनी रातोरात जीप काढली, मंडळातला निकम नावाचा दांडगा गडी घेतला आणि मला घेतलं. मी त्या वेळी एकतीस वर्षांचा होतो. नाशिकला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. सुट्टीच्या दिवशी डोंगर हिंडून नकाशे काढायचो. मला त्या भागाची माहिती आहे, असं टिळेकरांना वाटत होतं.

“ओगले,” टिळेकर म्हणाले, “तुम्ही इकडे फिरलायत. उंबरनाळ सोडून खाली उतरायची दुसरी वाट आहे?”

“नाही,” मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. दुसरी वाट नव्हतीच.

“शेजारी कोंडनाळ हाये,” ठकूबाईचा नवरा सोमा मेंगाळ म्हणाला. तो आमच्याबरोबर येणार होता. “पन तिथनं वानर बी उतरत न्हाई. नावातच कोंड. पानी जातं आन् कोंडून पडतं. मानसाचं काम न्हाई त्ये.”

“मग उंबरनाळच,” टिळेकर म्हणाले. “चला. दोन दिवस झाले. ऊन चढायच्या आत जमेल तेवढं उतरू.”

साडेआठ वाजले होते.

वाडीतून निघाल्यावर मी सगळ्यांच्या मागे राहिलो. पुस्तकातला एकोणिसावा नकाशा माझ्या डोळ्यांसमोर उघडा होता. त्यात उंबरनाळ होतीच. तिच्या दक्षिणेला, मधली एक डोंगरसोंड ओलांडून, कोंडनाळ होती. तिच्यातून खालपर्यंत तुटक रेघ होती. तुटक रेघ म्हणजे पायवाट. शेजारी निळा ठिपका, म्हणजे पाणी. आणि कंसात : ‘जवळची वाट’.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी तिथे एकटा गेलो होतो. कोंडनाळेत उतरलो, पहिल्या टप्प्यापर्यंत पोचलो. दहाबारा फुटांचा टप्पा होता, सरळ तुटलेला कातळ. त्याच्या अलीकडे कातळात पाण्याचा डोह होता, चांगला गार. गुडघा दुखत होता, उन्हं कलली होती. मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी उंबरनाळेने कोकणात उतरलो आणि खालून वर बघताना झाडीत मला एका नाळेचं मोकळं तोंड दिसलं. वाटलं, ही कोंडनाळच बाहेर येतेय. घरी येऊन टेबलावर बसलो. वरून उतरलेला तुकडा होता, खालून पाहिलेलं तोंड होतं. मधली जागा कोरी होती. पन्नास हजाराच्या प्रमाणात जेमतेम दीड सेंटिमीटर. कोरी जागा वाईट दिसत होती. मी रेघ जोडून टाकली.

पेन उचलून पुढच्या नकाशाकडे वळायला मला एक मिनिटही लागलं नसेल.

उंबरनाळेच्या तोंडाशी आलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. उत्तरेला कळसूबाईचा शेंडा उन्हात तापून धुरकट दिसत होता, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचं आडवं धूड. एरवी मी थांबून एकेक शिखर ओळखलं असतं. सोमा आधी उतरला, मग टिळेकर, निकम, शेवटी मी.

टिळेकर दर पन्नास पावलांवर थांबून हाक मारायचे. “सुनंदाऽऽ!” कडे हाक उचलायचे, इकडून तिकडे टाकायचे, मग सगळं शांत व्हायचं. सोमा जमिनीकडे बघत चालला होता. एकदा त्याने वाळलेला पाला मुठीत घेतला आणि तसाच सोडून दिला.

“काय झालं?” टिळेकर.

“पाला मोडल्याला न्हाई. गवताची काडी वाकल्याली न्हाई.” सोमा थुंकला. “हिकडनं आठवड्यात कोन गेल्यालं दिसत न्हाई, सायेब.”

“दगडावरून गेले असतील.”

“म्हातारं मानूस दगडावरनं उड्या मारीत जाईल?”

 टिळेकर पुन्हा उतरायला लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. शर्ट घामाने चिकटला होता. मला वाटत होतं, अजून खाली गेलो की सापडतील. सुनंदा हुशार आहे, तिने कोंडनाळेचं तोंड बघितलं असेल, तिला शंका आली असेल, ती मागे फिरून इकडे आली असेल. प्रत्येक वळणावर मी हे स्वतःला नव्याने सांगत होतो. वळण संपायचं, पुढे रिकामी नाळ दिसायची आणि मी पुढचं वळण धरायचो.

पुस्तक अजून सॅकमध्येच होतं. बिघडलं काय असतं मी बोललो असतो तर? काही नाही. टिळेकर म्हणाले असते, चला तिकडे. एवढंच. पण नाशिकच्या मंडळात मला ‘नकाशेवाले ओगले’ म्हणून नुकतं कुणी ओळखायला लागलं होतं. टिळेकरांनी स्वतः हात धरून मला पुढच्या मोहिमेत घ्यायचं कबूल केलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

अकराच्या सुमारास आम्ही अर्धी नाळ उतरलो होतो. ऊन आता थेट डोक्यावरून आत येत होतं. दगड हाताला चटका देत होते. टिळेकरांनी पुन्हा हाक मारली.

कड्यांनी ती परत दिली. एकदा, दोनदा. मग शांत झालं. आणि त्या शांततेनंतर, उशिराने, अगदी बारीक, कुठून तरी आणखी एक आवाज आला.

“प्रतिध्वनी,” निकम म्हणाला.

“पडसाद आपलाच सबूद म्हागारी देतो,” सोमा म्हणाला. “ह्यो बाईमानसाचा व्हता.”

 टिळेकरांनी परत हाक दिली. या वेळी काही आलं नाही.

“खालून आला,” टिळेकर म्हणाले. “नाळेच्या तोंडाशी असतील. खाली हवा वर ओढली जाते, आवाज वर येतो. पटापट उतरा.”

“मला सोंडेपल्याडनं वाटला,” सोमा म्हणाला. “पन पल्याड कोंडनाळ. तिथं कोन कशापायी जाईल?”

“तेच तर. खाली चला.”

टिळेकर निघाले. निकम निघाला. सोमा जागचा हलला नव्हता. दगडावर हात टेकून तो अजून ऐकत होता.

“टिळेकर,” मी म्हणालो.

 ते वळले.

“ते कोंडनाळेत आहेत.”

“कशावरून?”

मी सॅक उतरवली. पुस्तक काढलं, एकोणिसावा नकाशा उघडला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून पान जवळ धरलं. तुटक रेघेवरून त्यांचं बोट वरपासून खालपर्यंत फिरलं. मग त्यांनी पान उलटून पुस्तकाचा निळा पुठ्ठा पाहिला, पहिलं पान पाहिलं.

“ही वाट तुम्ही चाललायत?”

“पहिल्या टप्प्यापर्यंत.”

“आणि पुढची?”

मी सॅकचा बंद आवळायला लागलो. निकमने एक शिवी दिली. टिळेकरांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी पुस्तक मिटून स्वतःच्या सॅकमध्ये टाकलं आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“वर चढायला किती वेळ लागेल, सोमादा?”

“सव्वा तास. पळत गेलो तर येक.”

“पळत जाऊ,” टिळेकर म्हणाले.

वर येईपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.  सोंड ओलांडून कोंडनाळेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. तिथे कारवीच्या झुडपावर एक पांढरी चिंधी बांधलेली होती. वाट चुकू नये म्हणून माणूस खूण करत जातो, तशी. सुनंदाने बांधली होती. आत शिरल्यावर पालाही मोडलेला होता, गवतही वाकलेलं होतं.

डोह कोरडा होता. तळाशी हातभर काळा चिखल आणि त्यात बोटांच्या खुणा.

पहिल्या टप्प्याच्या काठाशी टिळेकर पालथे पडले आणि हाक मारली. आता उत्तर आलं. शब्द कळत नव्हते, पण खाली माणूस होतं.

“किती खोल आहे?” निकमने विचारलं.

“हा टप्पा बारा फूट. त्याच्या खाली आणखी एक आहे, पंचवीस-तीस फूट असेल. ते त्याच्या खाली आहेत.” टिळेकर उठून बसले. “त्याच्यापुढे आभाळ आहे.”

निकमने कातळाच्या फटीत खिळे ठोकले, दोर बांधला, ओढून पाहिला. टिळेकरांनी पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखरेची पुडी आणि फळ्या-पट्ट्यांची पिशवी माझ्यापुढे सरकवली.

“तुम्ही उतरा,” ते म्हणाले. “वाट तुम्ही काढलीत.”

मी कमरेला दोर बांधला. सोमा म्हणाला, मी बी येतो. पहिला टप्पा आम्ही सहज उतरलो. दुसऱ्याच्या काठाला उंबराचं एक मूळ होतं, ताजं तुटलेलं, आतून पांढरं. त्याला धरून कुणीतरी उतरायला गेलं होतं. मी पाय कड्याला लावून मागे झुकलो. निकम वरून दोर सोडत होता. कातळ इतका तापला होता की बुटाच्या तळव्यातून झळ येत होती. मध्ये एकदा पाय सुटला, मी भिंतीवर आपटलो, कोपर सोलवटलं. खाली बघितलं. दहा-बारा फूट रुंदीची एक पायरी, तिच्यावर दोन माणसं आणि पायरीच्या पलीकडे काहीच नाही. फक्त खूप खाली, उन्हात पांढरं पडलेलं कोकण.

सुनंदा सावलीच्या पट्ट्यात बसली होती. वडिलांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. हात कोपरापर्यंत सोललेले. ओठ फुटून काळे झालेले. मी बाटली दिली तर तिने आधी वडिलांच्या तोंडाला लावली. ती बोलायचा प्रयत्न करत होती, पण जीभ वळत नव्हती.

“हळू,” मी म्हणालो. “घोट घोट.”

“डोहातला चिखल ओढणीत बांधून आणला होता,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली. “पिळला. काल सकाळपर्यंत तेवढं होतं.”

सरांचा उजवा पाय मांडीपासून वेडावाकडा झाला होता. मूळ तुटलं आणि ते पडले. त्यांच्यासाठी ती स्वतःहून खाली आली आणि मग दोघांनाही वर जाता येईना. सोमाने पट्ट्या घेतल्या. त्याचे हात शांत होते. सर कण्हले नाहीत. डोळे उघडे होते. मला वाटलं, ते माझ्याकडे बघताहेत. पण ते समोरच्या कड्याकडे बघत होते.

“अकरा,” ते म्हणाले.

“काय म्हणताय, सर?”

“थर. लाव्ह्याचे. समोर मोजा. प्रत्येक उद्रेकाचा एक थर, प्रत्येक थराचा एक कडा.” ते अडखळत, मध्ये मध्ये थांबत बोलत होते. “मी वर्गात फळ्यावर जिना काढायचो. दख्खनचा जिना. पोरांना म्हणायचो, वरून सलग दिसतो, पण पायऱ्या असतात. आणि मीच विसरलो.”

“बाबा, बोलू नका,” सुनंदा म्हणाली.

“दोन दिवस हेच चाललंय,” ती मला म्हणाली. “स्वतःला दोष देताहेत.”

“द्यायलाच हवा,” सर म्हणाले. “नकाशा बरोबर असणार. ज्याने काढला तो इथून गेला असणार. वाट असेल कुठेतरी, मला सापडली नाही. नकाशा चुकत नाही, वाचणारा चुकतो. मी पोरांना चाळीस वर्षं हेच...” त्यांना धाप लागली.

सोमाने पट्टी बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

“सर,” मी म्हणालो, “नकाशा चुकलाय.”

त्यांनी मान वळवली.

“तो मी काढलाय. वाट नाहीये इथे. तुम्ही बरोबर वाचलंत.”

सुनंदाचा हात वडिलांच्या कपाळावर होता, तो तिथेच थांबला. सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, असं मला वाटायला लागलं. मग त्यांचे ओठ हलले. मला वाकावं लागलं.

“कुठपर्यंत आला होतात?”

“पहिल्या टप्प्यापर्यंत. डोहापाशी.”

“मग रेघ तिथेच थांबवायची,” ते म्हणाले. रागाने नाही. वहीतली चूक दाखवावी, तसं. “पुढे कोरं ठेवायचं. कोरं वाचता येतं माणसाला.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

पुढचे तीन तास म्हणजे नुसते दोर आणि हात. सोमाने वरून सोडलेल्या कारवीच्या काठ्या आणि घोंगडी यांची डोली केली. निकम आणि टिळेकर वरून ओढत होते, मी आणि सोमा खालून खांदा देत होतो. पंचवीस फुटांना दीड तास लागला. मधल्या एका ठिकाणी डोली कड्याला अडकली आणि कलंडली. सरांचं सगळं वजन माझ्या उजव्या खांद्यावर आलं. पाठीमागे तीनशे फूट मोकळं होतं. माझी टाच कातळावरून सरकायला लागली. सोमा माझ्या खालच्या बाजूला, एका पायावर उभा राहून माझी टाच धरून होता.

“हलू नगंस,” तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने मला सायेब म्हटलं नाही. “मी हाये. हलू नगंस.”

मी हललो नाही. दोर ताणला गेला आणि डोली वर सरकली.

पहिला टप्पा चढून डोहापाशी आलो तेव्हा सरांनी एकदा पाणी मागितलं. सुनंदाने पाजलं. घोट गिळला गेला नाही, गालावरून ओघळला. टिळेकरांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग सरांचा हात छातीवर ठेवला आणि सुनंदाकडे पाहिलं.  तिने ओढणीच्या टोकाने वडिलांच्या गालावरचं पाणी पुसलं. चिखलाने कडक झालेल्या ओढणीने. सव्वापाच झाले होते.

वाडीत आणेपर्यंत उन्हं कलली. सगळी वाडी गोळा झाली होती. ठकूबाईने सुनंदाला घरात नेलं, हातपाय धुतले, पेज पाजली. टिळेकरांनी पोलीसपाटलाला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. मी जीपच्या मागे उभा होतो. कोपरातून रक्त येत होतं. एका म्हातारीने ते पाहून त्यावर हळद दाबली आणि निघून गेली.

टिळेकर माझ्याजवळ आले. “तिला मी सांगितलंय,” ते म्हणाले. “पुस्तकाचं तिला कळलेलंच आहे. पण उंबरनाळेत आवाज आला, तेव्हा तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही लपवलं नाहीत, हेही सांगितलं. तेवढं तुमच्या बाजूने आहे, ओगले. ते मी सगळीकडे सांगेन.”

ते खरोखरच चांगल्या मनाने बोलत होते. मी मान हलवली.

सुनंदा बाहेर आली. ठकूबाईचं लुगडं नेसली होती. सरांना जीपच्या मागच्या भागात घोंगडीवर निजवलं होतं. ती आत चढून त्यांच्या पायाशी बसली. निकम गाडी सुरू करायला पुढे गेला.

“टिळेकर म्हणाले, तुमच्या लक्षात आलं म्हणून आम्ही सापडलो,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. “आज सकाळी बाबा शुद्धीवर होते. दहापर्यंत छान बोलत होते. अकराच्या पुढे गळायला लागले. म्हणून विचारते. कधी आलं लक्षात?”

टिळेकर चार हातांवर पाटलाशी बोलत होते. सोमा भिंतीला टेकून बसला होता. ठकूबाईने निळं पुस्तक म्हटलं तेव्हा माझा चेहरा कसा झाला, हे कुणी पाहिलं नव्हतं. ‘उंबरनाळेत’ एवढंच म्हणायचं होतं. टिळेकरांनी ते आधीच म्हणून ठेवलं होतं.

“साडेआठला,” मी म्हणालो. “इथेच. ठकूबाईंनी पुस्तकाचं सांगितलं, तेव्हाच.”



“आणि बोललात कधी?”

“अकरा वाजता.”

“का?”

“भीती वाटली. नाव जाईल म्हणून.”

गाडी सुरू झाली. धूर आमच्या दोघांच्या मधून गेला. तिने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणीच नव्हतं. अंगातच नव्हतं.

“हे बाबांना सांगितलंत?”

“नाही. रेघेचं तेवढं सांगितलं. हे नाही.”

“मग मला कशाला सांगताय?” ती म्हणाली. “मी काय करू त्याचं?”

 त्याला आता पस्तीस वर्षं झाली. पुस्तक मी त्याच आठवड्यात दुकानादुकानांतून परत आणलं. टिळेकरांनाही खरं सांगितलं आणि ते पुन्हा कधी माझ्याशी बोलले नाहीत. पण ‘मी काय करू त्याचं’ याला द्यावं असं काही मला आजही सापडलेलं नाही.

टिळेकर पुढच्या सीटवर बसले. माझ्यासाठी जागा नव्हती. मी मागे सरलो. सकाळच्या एसटीने जावं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

“ओगले,” सुनंदाने हाक मारली. ती पायाशी अंग चोरून आणखी मागे सरकली होती. “चढा. रस्ता खराब आहे, गाडी उडते. बाबांचं डोकं धरायला कुणीतरी पाहिजे. माझ्या हातात जोर नाही.”

मी चढलो. खाली बसलो आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. केस अजून उन्हाने कोमट होते. तालुक्याच्या गावापर्यंत सव्वीस मैल होते.